पोलाद कापण्यापूर्वी

दिल्लीत वजिराबादजवळ यमुनेवर उभा असलेला 'सिग्नेचर ब्रिज' ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या मनावर त्याचा कललेला पोलादी मनोरा खासच ठसला असेल. १९९७ च्या नोव्हेंबरात तेथील जुन्या, अरुंद पुलावरून शाळेची बस नदीत कोसळली आणि २८ मुले दगावली. त्यानंतर नव्या पुलाची निकड सर्वांस पटली. तरी तो खुला व्हायला २०१८ साल उजाडले. संकल्पन जर्मनीतील श्लाइख बेर्गरमान संस्थेचे. दीडशे मीटरांहून उंच मनोऱ्याचे भाग घडले चीनमध्ये, आणि जोडले गेले यमुनेकाठी. इतक्या दूर घडविलेला तुकडा शेजारच्या तुकड्याशी तंतोतंत जुळावा, हे साधावे कसे?

शिंपी कापडाला कात्री लावण्यापूर्वी ते बेततो. पोलाद बेतण्याचे काम आज संगणकावर होते आणि नोएडा, गुरुग्राम येथील कित्येक कार्यालयांतून तरुण अभियंते ते करीत असतात. पडद्यावर सबंध इमारत खऱ्या मापाने उभी करावयाची. तीत प्रत्येक खांब, तुळई, पत्रा आणि बोल्ट आपापल्या जागी. वीस मिलिमीटर व्यासाच्या बोल्टास भोक बावीस मिलिमीटरांचे. सवलत काय ती दोन मिलिमीटरांची! एखादा नळ तुळईस छेदीत असेल तर ते पडद्यावरच उमगते. प्रत्येक तुकड्यास क्रमांक मिळतो आणि भोके पाडणाऱ्या यंत्राकडे मापे परस्पर जातात.

वजनाचा हिशेबही आपोआप बदलतो, ही गोष्ट लहान नव्हे. कॅनडात क्वेबेक येथील पुलाचा गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला, परंतु पुलाच्या स्वतःच्या वजनाचा आकडा जुनाच धरला गेला. १९०७ साली अर्धवट पूल कोसळून ७५ कामगार प्राणांस मुकले.

मग संगणक आल्यावर चिंता मिटली काय? मुळीच नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील क्रीडागृहाच्या पोलादी छताचे गणित संगणकानेच केले होते. गणितात वरच्या दांड्यांना मध्यभागी भक्कम आधार गृहीत धरला होता. प्रत्यक्षात घडविलेला सांधा तसा आधार देऊच शकत नव्हता. बांधकामाच्या वेळी छत अपेक्षेच्या सुमारे दुप्पट झुकले, तरी संगणकावर भिस्त ठेवून ती खूण डावलण्यात आली. १९७८ च्या जानेवारीत बर्फाच्या भाराने ते कोसळले. काही तासांपूर्वीच तेथे हजारो प्रेक्षक बसले होते! म्हणून बळाचे गणित करणाऱ्याने तपशिलाच्या प्रतिकृतीतील सांधे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत, असा आमचा आग्रह आहे. हे काम नवशिक्यावर सोपवून चालणार नाही.

दिल्लीपुरते उदाहरण द्यावयाचे तर तेथील ऊन-थंडीचे घ्या. तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला की शंभर मीटर लांबीचे पोलाद सुमारे ४८ मिलिमीटर वाढते. त्याला सरकावयास वाव हवा, म्हणून ठराविक जागी भोके गोल न ठेवता लांबट ठेवावी लागतात. कोणती, हे माणसानेच ठरवावयाचे; प्रतिकृतीत ती गोल काढली गेली, तर यंत्र ती बिनतक्रार गोलच पाडील.