सॉफ्टवेअर नंतर घ्या, आधी चार वह्यांची एक वही करा



नवा उद्योजक भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" माझं मत थोडं वेगळं आहे. आधी हे सांगा, तुमच्या धंद्याची माहिती आज किती ठिकाणी आहे?

समजा, महालात तुमचा चिवड्याचा घरगुती धंदा आहे. पोहे, दाणे, मसाला इतवारीतून येतो. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, उधारी वहीत, खरेदीची बिलं डब्यात आणि शिल्लक माल? तो फक्त तुमच्या डोक्यात! आता दिवाळीच्या तोंडावर दोनशे किलोची ऑर्डर आली. पोहे भरपूर आहेत, पण अर्ध्या किलोच्या छापील पिशव्या संपल्यात आणि नव्या यायला दहा दिवस लागतात. म्हणजे पोह्यात पैसा अडकला, पिशवीपायी ऑर्डर गेली. मेहनत कमी पडली नाही, चार ठिकाणची माहिती एकमेकांशी बोलली नाही.

एकात्मिक माहिती प्रणाली हे नाव मोठं आहे, पण अर्थ सोपा आहे. नोंद एकदाच करायची आणि ती सगळीकडे दिसली पाहिजे. ऑर्डर लिहिली की पोहे किती लागतील, पिशव्या किती उरतील, येणं किती, हे तिथल्या तिथे कळलं पाहिजे. रोज 40 पिशव्या लागतात, माल यायला 10 दिवस लागतात, म्हणजे 400. वर 100 हाताशी ठेवा. शिल्लक 500 वर आली की त्याच दिवशी ऑर्डर द्या. एवढं गणित मोबाइलमधली साधी शीटसुद्धा करते.

मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं बघा. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाने ग्रेपनेट ही प्रणाली आणली. शेतकऱ्याच्या प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, निर्यातदार, सगळे एकाच साखळीत. पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आला, तर त्या बागेचा माल पुढे सरकत नाही.

पण याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली. शेतकरी-निर्यातदारांना मोठा फटका बसला. प्रणाली होती, पण तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हतं! जे तुम्ही मोजत नाही, ते कोणतंही सॉफ्टवेअर तुम्हाला दाखवणार नाही. म्हणून मी म्हणतो, आधी काय मोजायचं ते ठरवा, मग पैसे खर्च करा.

आणि तुमची साखळी दुकानाच्या दारात संपत नाही. जीएसटीमध्ये नोंदणी असेल, तर पुरवठादाराने त्याचं बिल रिटर्नमध्ये दाखवलं नाही की ते तुमच्या 2बीमध्ये येत नाही आणि तुमचं क्रेडिट अडकतं. चूक त्याची, पैसा तुमचा. खरेदीची नोंद दर महिन्याला 2बीशी जुळवली, तर हे वेळेत कळतं.

"सर, माझा धंदा छोटा आहे, सगळं डोक्यात राहतं," असं बरेच जण म्हणतात. राहतं ना! पण तुम्ही आठ दिवस आजारी पडलात, तर दुकान कोणाच्या डोक्याने चालणार?

या रविवारी एवढंच करा. प्रत्येक मालाला एकच नाव द्या. "पोहा", "पोहे", "जाड पोहे" अशी तीन नावं नकोत. शिल्लक हाताने मोजा. प्रत्येक पुरवठादाराला माल द्यायला किती दिवस लागतात ते लिहा. मग महिनाभर रोज रात्री दहा मिनिटं नोंद करा. ही सवय टिकली तरच सॉफ्टवेअर घ्या. नाही टिकली, तर महागडं सॉफ्टवेअरही त्या बिलांच्या डब्यासारखंच कोपऱ्यात पडून राहील.