सूर्याला बटण नसते

विजेचे बिल शून्यावर आले की घरात आनंदीआनंद होतो. गच्चीवर बसवलेल्या सौर पॅनेलचे कौतुक शेजारीपाजारी, नातेवाईक सर्वांना सांगून होते. पहिले काही महिने कुणी ना कुणी वर जाऊन काचा पुसते. मग हळूहळू त्यांचे अप्रूप संपते आणि पाण्याच्या टाकीसारखी तीही गच्चीवरची एक वस्तू होऊन बसतात. खाली कबुतरे घरटी बांधतात, पालापाचोळा साठतो, जुन्या गाद्या नि रद्दीचे गठ्ठे पॅनेलच्या आडोशाला सरकवले जातात. वीज येतेय ना, मग झाले!

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांवर सौर संच बसवण्याचे आहे. पॅनेल २५ वर्षे टिकते असे विकणारा सांगतो आणि ते बहुधा खरेही असते. पण त्याच्यामागच्या तारा, जोड, पेट्या आणि इन्व्हर्टर यांचे आयुष्य वेगळे. ऊन, पाऊस आणि उंदीर-खारींचे दात यांनी ते कमी होत जाते. आगीची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

बंद केले तरी पेटले

अमेरिकेतील वॉलमार्ट या कंपनीच्या २४० हून अधिक दुकानांच्या छपरांवर टेस्ला कंपनीचे सौर संच होते. किमान सात दुकानांवर आगी लागल्या, असे सांगत वॉलमार्टने ऑगस्ट २०१९ मध्ये न्यायालयात धाव घेतली. लोंबकळत्या तारा, चुकीचे अर्थिंग, तापलेले जोड आणि अपुरी देखभाल, असे तिचे आरोप होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांत तडजोड झाली, त्यामुळे आरोपांचा निवाडा झाला नाही. पण दाव्यातली एक गोष्ट प्रत्येक घरमालकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. आगींमुळे २०१८ च्या मध्यास हे सर्व संच बंद करण्यात आले होते. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील युबा सिटीच्या दुकानावर आग लागलीच.

असे कसे झाले? घरातला मुख्य स्विच बंद केला की बाहेरून येणारी वीज थांबते. सूर्याला मात्र बटण नसते. ऊन आहे तोवर पॅनेल आणि त्याला जोडलेल्या तारा जिवंतच राहतात. शिवाय ही वीज डीसी असते. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे सैल जोडावरची ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसी वीज शून्यावर येतच नाही. पॅनेल माळेसारखी जोडल्याने काही शे व्होल्टचा दाब तयार होतो आणि सैल जोडावर पेटलेली ठिणगी तशीच जळत राहते.

म्हणून घाबरून पॅनेल उतरवण्याचे कारण नाही. दहा लाखांहून अधिक संच असलेल्या जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेने २० वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सौर संचांच्या सुमारे ३५० आगी आढळल्या आणि त्यांतल्या १२० आगींत दोष संचाचा होता. धोका थोडा आहे, पण निगा राखली नाही तर तो वाढतो.

उंचावरची आग

पवनचक्क्यांचेही तसेच. माथ्यावरच्या खोलीत तेल, वीज आणि ब्रेकची उष्णता एकत्र नांदत असते. २९ ऑक्टोबर २०१३ रोजी नेदरलँड्समधील ओल्टगेन्सप्लाट येथे देखभाल चालू असतानाच पवनचक्की पेटली आणि सुमारे ६७ मीटर उंचीवर अडकलेल्या दोन तरुण तंत्रज्ञांनी प्राण गमावले. तिथवर नेहमीची शिडी पोचत नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारांवर नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या फिरत आहेत. तिथे वर चढणाऱ्या कामगाराच्या सुटकेची सोय हा म्हणूनच नुसता कागदावरचा नियम राहता कामा नये.

घरी काय करावे?

वर्षातून एकदा जाणकार तंत्रज्ञाकडून तारा, जोड आणि अर्थिंग तपासून घ्यावे. जोड बदलताना त्याचे दोन्ही भाग एकाच कंपनीचे आहेत ना, हे विचारावे. जोड काळवंडला असेल, जळका वास येत असेल, तर दुर्लक्ष करू नये. पावसाळ्यात इन्व्हर्टर वारंवार बंद पडून लाल दिवा दाखवत असेल, तर तो पुन्हा चालू करून वेळ मारून नेऊ नये. तारेचे आवरण फाटल्याची ती सूचना असू शकते.

इन्व्हर्टर जिन्याखाली, चपलांच्या कपाटाशेजारी नको. त्याला मोकळी हवा हवी. पॅनेलखाली अडगळ ठेवू नये. डीसी स्विच कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावे. मीटरजवळ 'गच्चीवर सौर संच आहे' अशी ठळक पाटी लावावी.

आग लागलीच तर स्वतः पाणी मारायला धावू नये, तुटलेल्या तारेला हात लावू नये. सर्वांनी बाहेर पडून १०१ वर फोन करावा आणि वर सौर पॅनेल आहेत, हे पहिल्यांदा सांगावे. जवान शिडी चढण्यापूर्वी त्यांना ते कळायलाच हवे.

दसरा-दिवाळीला आपण घराचा कानाकोपरा झाडतो. त्याच दिवसांत तंत्रज्ञालाही बोलवावे आणि त्याच्यासोबत गच्चीवर एक चक्कर टाकावी. उन्हाची वीज फुकट मिळते, पण तिची निगा आपल्यालाच राखावी लागते.