‘कळवतो’ म्हणजे कधी?

आजचा विषय नोकरीच्या मुलाखती. त्यातही फिनटेक, म्हणजे लोकांच्या पैशांची ने-आण सॉफ्टवेअरवर करणाऱ्या कंपन्यांच्या. आमच्या पोलादपूर-महाडकडची काही पोरं हल्ली अशा मुलाखती देऊन येतात आणि मग मला फोन करतात. तक्रार एकच. नापास केल्याची नाही, काहीच न कळवल्याची.

त्यातल्या एकीचं सांगतो. लोणेऱ्याला शिकलेली, दोन वर्षं एका छोट्या कंपनीत काम करणारी मुलगी. आधी दीड तासाची ऑनलाइन परीक्षा, कॅमेरा चालू ठेवून. मग कोडिंगच्या दोन फेऱ्या. शेवटची फेरी पुण्यात, प्रत्यक्ष, तीही भर पावसाळ्यात. पोलादपूरहून पुण्याला यायचा तिचा रस्ता म्हणजे आंबेनळी चढून महाबळेश्वर, मग पसरणी उतरून वाई. आंबेनळीचा पावसाळ्यात भरवसा नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तो ठिकठिकाणी खचून बंदच पडला होता. म्हणून बाई आदल्या दिवशीच निघाली. गाडीभाडं, राहणं, दोन दिवसांची रजा, सगळं पदरचं.

मुलाखतीतला प्रश्न मात्र झकास होता. एका खात्यातून पैसे वजा झाले, दुसऱ्यात जमा व्हायच्या आत नेटवर्क गेलं, आता काय कराल? घाटात रेंज जाते त्या भागातल्या मुलीला हे काय पुस्तकात वाचायला हवं? तिने नीट सांगितलं. उत्तर आलं नाही म्हणजे व्यवहार फसला असं धरायचं नाही. प्रत्येक मागणीला एकच क्रमांक द्यायचा, म्हणजे पुन्हा पाठवली तरी पैसे दोनदा कापले जात नाहीत. आधी स्थिती विचारायची, मग दोन्हीकडचा हिशेब जुळवायचा, आणि जुळत नसेल तर पैसे परत करायचे. थोडक्यात, कुठलाही व्यवहार अधांतरी ठेवायचा नाही.

समोरचे खूश. “कळवतो तुम्हाला.” आणि मग सहा आठवडे शांतता! मेल केला तर उत्तर नाही, वेबसाइटवर ‘विचाराधीन’. दरम्यान दुसऱ्या एका कंपनीची ऑफर हातात होती, शुक्रवारपर्यंत हो-नाही सांगायचं होतं. हिने वाट बघितली आणि ती ऑफर गेली.

आता गंमत बघा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये अडकलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. यूपीआयवरून कुणाला पैसे पाठवले, आपल्या खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवस. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. म्हणजे तुमचे पन्नास रुपये अडकले तर त्यांना तारीख आहे, दंड आहे. त्याच धंद्यात माणूस अडकला तर त्याला काहीच नाही.

एचआरवाले म्हणतील, हजारो अर्ज येतात, प्रत्येकाला कुठे कळवत बसणार? पहिल्या चाळणीपुरतं हे एक वेळ मान्य. पण शेवटच्या फेरीपर्यंत किती जण उरतात? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्यांच्या यंत्रणा सेकंदात ओटीपी पाठवतात, त्यांना दोन ओळींचा नकार जड जातो? खरं कारण वेगळं असतं. पहिल्या पसंतीचा उमेदवार रुजू होईपर्यंत बाकीच्यांना राखीव ठेवायचं असतं. आपल्याकडे नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास, त्यामुळे हे ताटकळणंही लांबतं. यात कंपनीला फुकटात सोय मिळते, तिची किंमत उमेदवार मोजतो. कांदेपोहे खाऊन गेलेली मंडळीसुद्धा निदान ‘पत्रिका जुळत नाही’ एवढं तरी कळवतात हो!

माझं म्हणणं साधं आहे. शेवटची फेरी झाली की पाच दिवसांत उत्तर द्या. निर्णय झाला नसेल तर कधी होईल ती तारीख द्या. राखीव ठेवलं असेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे समोरचा आपलं बघेल. आणि प्रत्यक्ष बोलावणार असाल तर भाडं द्या, नाहीतर ती फेरीही व्हिडिओवर घ्या. आधीच्या फेऱ्या ऑनलाइन चालतात, शेवटचीलाच घाट का चढायचा?

आणि पोरांनो, तुम्हीही उठायच्या आधी विचारत जा, “उत्तर कोण देणार आणि कुठल्या तारखेला?” यात उद्धटपणा काही नाही. तारीख मिळाली नाही तर हातातली ऑफर सोडू नका. ‘कळवतो’च्या भरवशावर तर मुळीच नाही.