चिखलात पोहणारं गाव आणि आपले कुलूपबंद बंगले



वेल्समध्ये लानुर्टिड वेल्स नावाचं एक गाव आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेआठशे. आपल्याकडे एखादी मोठी वाडी असते तेवढी, पण इथे त्याला टाउन म्हणतात. दर ऑगस्टच्या बँक हॉलिडेला तिथे चिखलात पोहण्याची जागतिक स्पर्धा भरते. दलदलीत खणलेला साठ यार्डांचा चर, त्यात काळं गार पाणी. तोंडाला स्नॉर्केल, पायात फ्लिपर्स, आणि हात न मारता नुसत्या पायांनी पोहत जाऊन परत यायचं. चांगला गडी दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो.

पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा मनात आलं, या लोकांना काही कामधंदा नाही काय? परत येताना मत पार बदललं होतं. त्याबद्दलच हे थोडंसं.

या गावाचा मूळ धंदा पाण्याचाच. १७३२ साली थिओफिलस इव्हान्स नावाच्या पाद्र्याने तिथल्या घाण वासाच्या झऱ्यात एक टुणटुणीत बेडूक पाहिला. बेडकाला काही होत नाही तर आपल्याला काय होणार, म्हणून तोही ते गंधकाचं पाणी प्यायला आणि त्याचा आजार बरा झाला, अशी कथा आहे. पुढे रेल्वे आली आणि व्हिक्टोरियन काळात लोक ‘पाणी घ्यायला’ इथे येऊन राहू लागले. मग ती फॅशन गेली. हॉटेलं राहिली, गिऱ्हाईक गेलं.

नेआद आर्म्स हे त्यांतलंच एक हॉटेल. १९८० च्या सुमारास त्याचे मालक होते गॉर्डन ग्रीन. त्यांच्या बारमध्ये दोघांचा वाद रंगला : डोंगराळ वाटेवर, लांबच्या पल्ल्यात माणूस घोड्याला हरवेल की नाही? ग्रीनसाहेबांनी तो वाद तिथेच सोडून न देता १९८० मध्ये खरोखरच शर्यत लावली, सुमारे २२ मैलांची. बक्षिसाची रक्कम दरवर्षी वाढत गेली आणि माणूस जिंकायला २००४ साल उजाडलं. ह्यू लॉब २ तास ५ मिनिटांत आला आणि २५,००० पौंड घेऊन गेला. नंतर २००७, २०२२ आणि २०२३ लाही माणसं जिंकली. चिखलपोहणं हे त्याच बारमधलं दुसरं खूळ.

आता यातली खरी गंमत बघा. स्पर्धा दीड मिनिटाची, पण तिथे पोचायलाच अर्धा दिवस जातो. रेल्वे आहे, पण दिवसाला मोजक्याच गाड्या. मग रात्री मुक्काम करावाच लागतो. संध्याकाळी करण्यासारखं काही नसतं, म्हणून लोक पबमध्ये बसून अनोळखी माणसाशी गप्पा मारतात, सकाळी उठून डोंगरावर भटकतात. आडगावपणा हा त्या गावाचा तोटा होता, त्याचंच भांडवल झालं. खर्च म्हणाल तर एक चर खणायचा. दलदल आधीपासून होतीच.

गाव श्रीमंत झालं असा माझा दावा नाही. नोकरीसाठी पोरं तिथूनही बाहेर जातातच. पण साडेआठशे वस्तीचं गाव जगाला माहीत आहे आणि तिथे जाणाऱ्याला राहायला खोली मिळते, हे काही थोडकं नाही.

आपल्याकडे हे होणार नाही असं कुणी म्हणेल, तर होतंय की. पाचगणीजवळ भिलारला ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं. कल्पना घेतली ती वेल्समधल्याच हे-ऑन-वायवरून, जिथे रिचर्ड बूथ या पुस्तकविक्याने १ एप्रिल १९७७ रोजी स्वतःला चक्क राजा म्हणून जाहीर केलं होतं! भिलारला पुढाकार सरकारचा, पण पुस्तकं ठेवली ती गावकऱ्यांच्या घरांतून. हे मला फार आवडलं. वाचायला आलेला माणूस दोन तास तरी बसतो, आणि बसलेल्या माणसाला भूक लागते.

चिखलच हवा असेल तर गोव्यात माशेलचा चिखलकाला आहे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर गाव चिखलात खेळतं, तेही ऐन पावसात, जेव्हा किनाऱ्यावर शुकशुकाट असतो. अलीकडे पर्यटन खातंही त्यात उतरलं आहे. मोठा मंडप आणि पाहुण्यांची भाषणं वाढली आणि खेळणारी पोरं कडेला गेली, तर मात्र सगळं मुसळ केरात. खूळ गावाचंच असायला हवं, आणि गावाला पेलेल एवढंच.

आता आपल्याबद्दल, आणि यात मीही आलोच. आपण गावासाठी काय करतो? प्लॉट घेतो, बंगला बांधतो, आठ दिवस राहतो आणि कुलूप लावून परत येतो. जमिनीचे भाव मात्र वाढवून ठेवतो, मग गावातल्याच पोराला घर बांधणं परवडत नाही. वर गप्पांमध्ये ‘आमच्या गावात एक चांगला रिसॉर्ट पाहिजे हो’ असं म्हणायला मोकळे. संध्याकाळी दिवा लागत नाही अशा बंगल्यांच्या रांगेपेक्षा गावात एक चालू खाणावळ असणं कितीतरी चांगलं.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या खेपेला लग्नं आणि खरेदी उरकल्यावर चार दिवस काढा. गर्दीचा मोसम टाळून एखाद्या लहान गावात पैसे देऊन राहा, नातेवाइकांच्या ओळखीने फुकट नको. गाडी करून पाच ठिकाणं बघू नका, एकच बघा. आणि तिथे कुणी एखादी येडचाप कल्पना बोलून दाखवली, तर हसण्याआधी विचारा, ‘केव्हा आहे? मी येतो.’

लानुर्टिडला सुरुवात एवढ्यावरच झाली होती. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा. चू. भू. द्या. घ्या.

आपला,
एक कुलूपवाला कोकणी
(सध्या मुक्काम इंग्लंड)