बंब नवा, दार जुनं: फायर स्टेशनमध्ये गाडीच मावत नसेल तर?

‘घोस्टबस्टर्स’ पाहिलाय? १९८४ च्या त्या सिनेमात भुतं पकडणाऱ्या टोळीचा अड्डा म्हणून दिसणारी इमारत हा सेट नाही. न्यूयॉर्कच्या ट्रायबेका भागातलं ते खरंखुरं, आजही चालू असलेलं फायर स्टेशन आहे. १९०३ साली बांधलं तेव्हा ते आत्ताच्या दुप्पट होतं. दहाएक वर्षांनी शेजारचा व्हॅरिक स्ट्रीट रुंद करायचा ठरला आणि अर्धी इमारत पाडली गेली. उरलेल्या एकुलत्या एक दारातून आजही शिडीचा बंब आत-बाहेर करतो.

न्यूयॉर्कमध्ये अशी बरीच स्टेशन्स आहेत. ती बांधली गेली घोड्यांसाठी. तिथल्या अग्निशमन दलातले शेवटचे घोडे डिसेंबर १९२२ मध्ये निवृत्त झाले. घोडे गेले, इमारती राहिल्या. आणि त्या इमारतींत आता अशा गाड्या उभ्या करायच्या आहेत ज्यांचा विचार बांधणाऱ्याने कधी केलाच नव्हता.

वरवर पाहिलं तर हा पार्किंगचा प्रश्न. पण आग लागल्यावर मदत किती मिनिटांत पोहोचणार, हे त्यावर ठरतं.

गाडी एवढी मोठी का झाली?

शो-ऑफ म्हणून नाही. प्रत्येक इंचामागे कारण आहे.

पूर्वी जवान गाडीच्या मागे फळीवर उभे राहून, दांडा धरून जायचे. वळणावर पडून जीव जायचे. म्हणून अमेरिकेत १९९० च्या दशकापासून नव्या गाड्यांत सगळ्यांना बंद केबिनमध्ये, सीटबेल्ट लावून बसायची सोय आली. त्यामुळे केबिन लांबली. मग श्वसनयंत्रं आली, प्रथमोपचाराचं सामान आलं, अपघातात चेपलेली कार कापायची हत्यारं आली. डिझेलचा धूर स्वच्छ करणारी यंत्रणा आली, तिनेही जागा घेतली.

वर पाणी. न्यूयॉर्कचा बंब साधारण ५०० गॅलन, म्हणजे सुमारे १,९०० लिटर पाणी घेऊन फिरतो. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे नुसतं पाणीच जवळजवळ दोन टनांचं. आणि अमेरिकेत गाडीच्या रुंदीची मर्यादा आहे साधारण २.६ मीटर, तीही आरसे सोडून.

दार, जमीन आणि धूर

जुन्या स्टेशनात अशी गाडी आणली की तीन ठिकाणी घोडं अडतं.

दार: रुंद करायचं तर वरची दगडी किंवा विटांची कमान काढून पोलादी तुळई टाकावी लागते. पण ती कमान वरचे मजले पेलत असते. शिवाय यातल्या काही इमारती वारसा यादीत आहेत, तिथे दर्शनी भागाला हात लावायला वेगळी परवानगी लागते.

जमीन: हा सगळ्यात महागडा भाग, आणि फोटोत तो दिसतच नाही. अनेक जुन्या स्टेशनांत गाडीच्या खाली तळघर असतं. घोड्यांनी ओढायचा वाफेचा पंप काही टनांचा असायचा. आजचा बंब सहज १५ ते २० टनांचा आणि शिडीची गाडी त्याहून जड. म्हणजे लाकडी माळ्यावर पाण्याची मोठी टाकी ठेवल्यासारखंच. म्हणून न्यूयॉर्कमध्ये एकेक स्टेशन रिकामं करून गाडीखालची जमीन नव्याने बांधली जाते. तोवर ती गाडी दुसऱ्याच्या स्टेशनात पाहुणी.

धूर: खाली गाडी, वर झोपायच्या खोल्या, आणि दोन्हींना जोडणारं भोक. पटकन खाली यायला ज्या खांबावरून घसरतात, त्या खांबाचं. गाडी सुरू झाली की तेच भोक धुराड्याचं काम करतं. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलं. २०२२ मध्ये तिने अग्निशमनाचं कामच कॅन्सरकारक ठरवलं. यावर उपाय म्हणजे गाडीच्या सायलेन्सरला पाइप जोडून धूर थेट बाहेर सोडायचा. पण गाडी आणि भिंत यांच्यात वीतभरच जागा असेल, तर तो पाइप बसवणंही कसरतच.

मग स्टेशनच हलवा ना?

पहिला विचार हाच येतो. शहराबाहेर मोठा प्लॉट घ्या, ऐसपैस स्टेशन बांधा. अडचण अशी की, लहान आणि जुनं स्टेशन जिथे आहे तिथेच त्याची किंमत आहे, भर वस्तीत.

अमेरिकेतलं मानक सांगतं की स्टेशनातून निघालेला पहिला बंब ४ मिनिटांत पोहोचायला हवा. हा आकडा इतका कडक का? अमेरिकेतल्या यूएल या संस्थेच्या प्रयोगात जुन्या पद्धतीच्या फर्निचरची खोली पूर्ण पेटायला जवळपास अर्धा तास लागला. फोम आणि प्लॅस्टिकच्या आधुनिक फर्निचरची खोली ४ मिनिटांच्या आत पेटली. म्हणजे स्टेशन लांब नेऊन घालवलेली दोन मिनिटं आज पूर्वीपेक्षा खूप महाग पडतात.

२०११ मध्ये न्यूयॉर्कने पैसे वाचवायला अग्निशमन दलाच्या २० तुकड्या बंद करायचा प्रस्ताव आणला, तेव्हा ‘घोस्टबस्टर्स’वाली तुकडीही यादीत होती. लोकांनी जोरदार विरोध केला आणि ती वाचली.

गाडीच बदलली तर?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा दुसरा मार्ग. स्टेशनच्या मापाची बुटकी, आखूड गाडी बनवून घ्यायची. पण मापाची गाडी म्हणजे वेगळं डिझाइन, जास्त वेळ, जास्त पैसे. अमेरिकेत आजच साधा बंब सुमारे १० लाख डॉलरला आणि शिडीची गाडी २० लाखांच्या आसपास जाते, शिवाय डिलिव्हरीला काही वर्षं थांबावं लागतं. या उशिरावर सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटच्या उपसमितीत सुनावणीही झाली.

जपानने वेगळी वाट धरली. तिथली स्वयंसेवक पथकं ‘केई’ गटातले चिमुकले बंब वापरतात. या गटात गाडीची रुंदी १.४८ मीटरपेक्षा जास्त असूच शकत नाही. पाणी आणि माणसं कमी, पण गल्लीत शिरतो.

ऑस्ट्रियाच्या रोझेनबाउअर कंपनीचा ‘आरटी’ हा इलेक्ट्रिक बंबही रुंदीने कमी आहे आणि त्याची मागची चाकंही वळतात. बर्लिनने तो २०२१ मध्ये चाचणीसाठी रस्त्यावर आणला. धुराचा प्रश्न यात बराच सुटतो, मात्र जुन्या इमारतीत चार्जरसाठी वीजजोडणी वाढवावी लागते. दार सुटलं तर मीटर अडतो!

आपल्याकडे काय?

मुंबईचं अग्निशमन दलही घोड्यांच्याच काळातलं, १८८७ चं. आज त्याच्याकडे ९० मीटर उंच पोहोचणारी गाडी आहे. टॉवरसाठी ती हवीच. पण भुलेश्वर-काळबादेवीच्या गल्ल्यांत तिला पाय पसरायला जागा कुठे? आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतीभोवती किमान ६ मीटर मोकळी जागा आणि ४५ टनांची गाडी पेलणारी जमीन सांगितलीय. गल्ली त्या नियमाच्या कितीतरी आधीची.

म्हणून ‘मोठी गाडी की लहान’ हा वाद अर्धवट आहे. स्टेशन, गाडी आणि गल्ली ही एकच यंत्रणा आहे. तिघांची मापं एकत्र घेतली तरच ती चालते. दाट वस्तीत लहान गाडी जवळच्या छोट्या स्टेशनात, आणि उंच शिडी थोड्या लांबच्या मोठ्या स्टेशनात, अशी वाटणी दोघींपैकी एकच निवडण्यापेक्षा शहाणपणाची.

पुढच्या वेळी तुमच्या पालिकेने कोट्यवधींचा बंब घेतला आणि हार घातलेला फोटो फीडमध्ये आला, तर लाइक करा. पण कमेंटमध्ये एवढं नक्की विचारा: ही गाडी उभी कुठे राहणार, आणि तिथून आमच्या दारापर्यंत किती मिनिटांत येणार?