कयाकवरील मासेमारी : साधनांआधी सराव

ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांनी वाहून आलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून घडवलेली अरुंद होडी, म्हणजे कयाक, आज प्लास्टिकची झाली असून उघड्या बैठकीच्या प्रकारात वर आलेले पाणी तळाच्या आरपार छिद्रांतून आपोआप निचरते. १९९७ मध्ये होबी कंपनीने पायांनी चालणारी, पाण्याखाली पात्यांची जोडी हलवणारी यंत्रणा आणल्यावर वल्ह्यात अडकणारे हात गळासाठी मोकळे झाले. मात्र मोठा मासा हलक्या होडीला फरफटत नेतो, आडव्या ओढीने ती कलंडू शकते आणि थंड पाण्यात हात काही मिनिटांतच बधिर होतात. म्हणून अंगावर लाइफजॅकेट आणि उलटलेल्या कयाकवर पुन्हा चढण्याचा सराव, हीच या छंदाची पहिली पात्रता मानली पाहिजे.