डावा हात

सहा वर्षांनी ओटीत परत गेले. सासूबाईंचं आजारपण, धाकटीची शाळा... नेहमीचीच कारणं. नौपाड्यातच, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत छोटं नर्सिंग होम आहे.

(अमेरिकेतल्या आतेबहिणीसाठी: तिकडे नर्सही भूल देते, आपल्याकडे डॉक्टरच देतात. आम्ही शेजारी उभ्या.)

पहिल्याच दिवशी भूलतज्ज्ञ मॅडमना मी लॅरिंगोस्कोप उजव्या हातात दिला! तो डाव्या हातात धरतात हे मला झोपेतही सांगता आलं असतं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता हात बदलला. घरी येऊन रडले.

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ठरावीक तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. मीही व्याख्यानं ऐकली, सर्टिफिकिटं घेतली. वाईट काहीच नाही त्यात, पण खुर्चीत बसून हात कसा परत येणार? माझं म्हणणं, खंड पडलेल्या नर्सचे निम्मे तास तरी ओटीतच, जुन्या सिस्टरच्या शेजारी उभं राहून भरून घ्यावेत. आणि तेवढे दिवस तिला एकटीला केस देऊ नये. यात तिचा अपमान कसला? टेबलावर पेशंट असतो.

मी आपली रोज अर्धा तास लवकर जायला लागले. ब्लेड लावून दिवा बघायचा, 7 आणि 8 नंबरच्या नळ्यांचे कफ फुगवून बघायचे, सिरिंजवर लेबलं, सक्शन चालू. सगळं मोठ्यानं म्हणत. वॉर्डबॉय हसायचा.

गेल्या आठवड्यात नळी घालतानाच पेशंटला उलटी झाली. मॅडमनी मागायच्या आत सक्शन त्यांच्या हातात होतं. उजव्या.